मल्लप्पाअण्णांनी ठरवलेली अदलाबदल

मल्लप्पाअण्णा दर सोमवारी दुपारी चार वाजता आमच्या कचेरीत येत आणि बोलण्याआधी माणसाचे पाय बघत. टेबलाखाली वाकून, जराही न संकोचता. पहिल्या भेटीत त्यांनी माझे पाय पाहिले, मग चेहरा पाहिला आणि शेजारी बसलेल्या मुद्रितशोधकाला विचारलं, "ह्यांचा डावा पाय आत पडतोय की. कवापासनं?" मला स्वतःला हे माहीत नव्हतं. घरी गेल्यावर चपला उलट्या करून पाहिल्या. डाव्या चपलेची टाच आतल्या बाजूनं झिजली होती.

मी तेव्हा सोलापूरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. महापालिकेच्या सभा, बाजारभाव, निधनवार्ता आणि उरलेल्या जागेत खेळ, एवढं माझ्याकडे होतं. अण्णा यायचे ते खेळासाठी. त्यातही एकाच खेळासाठी, बास्केटबॉलसाठी. हा खेळ ते कधी खेळले नव्हते. चेंडू त्यांनी हातात धरल्याचंही कुणी पाहिलं नव्हतं.

अण्णा बैलांचे दलाल होते. शुक्रवार पेठेत राहत. घरात कानडी, बाजारात मराठी आणि बैलाशी दोन्ही. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरं धोतर, खांद्यावर तांबड्या काठाचा टॉवेल. हा टॉवेल घाम पुसायला नव्हता. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि दलाल एकमेकांच्या हातात हात देतात, वर टॉवेल टाकतात आणि आत बोटं दाबून आकडा सांगतात. दोन बोटं धरली म्हणजे दोन, तीन धरली म्हणजे तीन. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आत काय ठरलं ते दोघांनाच कळतं. बोट दाबून हात सोडला की सौदा झाला. तिथं साक्षीदार लागत नाही आणि कागदही लागत नाही. अण्णांचा एकही सौदा मागे फिरला नव्हता. त्यांची सगळी दलाली या एका गोष्टीवर चालत होती आणि ते ती गोष्ट सांगत नसत. बाजारात इतर लोक सांगत.

बाहत्तरच्या दुष्काळात जिल्ह्यातली जनावरं छावण्यांत गेली. त्यातली बरीचशी परत आली नाहीत. पुढची दोन वर्षं बाजार पातळच राहिला आणि अण्णांच्या संध्याकाळी रिकाम्या झाल्या. अशाच एका संध्याकाळी ते एका गिरणीच्या मागच्या रस्त्यानं घरी चालले होते. गिरणीचं नाव इथं गरजेचं नाही. तिथं सिमेंटच्या मैदानावर गिरणीचा संघ सराव करत होता. अण्णा कुंपणाशी थांबले. अंधार पडून खेळ बंद होईपर्यंत हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले.

"काय आवडलं त्यात?" असं मी एकदा विचारलं.

"दावं न्हाय, जू न्हाय, कासरा न्हाय," अण्णा म्हणाले. "तरी पाच जण एका गाडीला जुंपल्यागत पळत्यात. हे मी बैलात बघितलं न्हाय. मानसात तर न्हाईच न्हाय."

त्या काळी गिरण्या आणि साखर कारखाने खेळाडूंना नोकरी देऊन संघ बांधत. आमच्या गिरणीचा संघही असाच होता. एक जण टाइम ऑफिसात, एक जण सुताला खळ लावणाऱ्या सायझिंग खात्यात, दोघे घडी खात्यात. पाळी संपली की मैदानावर. जिल्ह्यात त्यांना तोडीस तोड असा एकच संघ होता, अकलूजकडच्या एका साखर कारखान्याचा. दोन्ही संघ दर हिवाळ्यात अंतिम सामन्यात समोरासमोर येत आणि दर हिवाळ्यात आमची गिरणी हरे. कारण कारखान्याकडे बबन होता. बबन माढ्याचा. मैदानाच्या कोपऱ्यात उभा राहून तो चेंडू फेकी आणि चेंडू रिंगला न शिवता जाळीतून खाली येई.

अण्णांचं म्हणणं साधं होतं. बबन आपल्याकडे आणायचा आणि त्याच्या बदल्यात आपला एक द्यायचा. दर सोमवारी ते या अदलाबदलीचा मजकूर मला सांगत. त्यांना कानडी लिहिता येत होतं, मराठी फक्त वाचता येत होतं.

"लिवा," ते म्हणत. "नरसय्या अकलूजला. बबन सोलापूरला."

"कारण?"

"कारन कशाला? बघितलं की कळतंय."

"वाचकांनी बघितलेलं नसतं, अण्णा."

"मग लिवा. नरसय्या उंचीला लई चांगला. सभाव गरीब. लाथ न्हाय, शिंग न्हाय. एकच खोड हाय, गर्दी झाली की मान खाली घालतोय. आपल्या संघात सगळे बुटके, त्यामुळं सगळी गर्दी त्याच्याच अंगावर येती. अकलूजला उंच मानसं हायेत. तितं त्याला मोकळं रान मिळंल, मान वर राहील. म्हंजे त्यांचं बी भलं."

"आणि बबन?"

"बबनचं काय सांगायचं? बबन बबन हाय."

त्यांचा प्रत्येक कागद असा दोन्ही बाजूंच्या भल्याचा असे. दुसऱ्याला फसवून स्वतःचं साधणारी सूचना त्यांनी एकदाही केली नाही. फसवलेला माणूस पुढच्या बाजाराला येत नाही, एवढंच त्याचं कारण ते देत. एकदा त्यांनी पंचांचीच अदलाबदल सुचवली. "आपला पंच अकलूजला द्या, त्यांचा हिकडं घ्या. नजर दोघांची बी अधू हाय. पन आपल्या पंचाला जवळचं दिसत न्हाय आन त्यांच्याला लांबचं. मैदान बदललं की दोघं बी सुधारतील." दुसऱ्या एका सोमवारी माढ्याच्या शाळेतल्या ड्रिलमास्तरांच्या बदल्यात त्यांनी आमचे दोन राखीव खेळाडू देऊ केले. मास्तरांना याची कल्पना नव्हती.

मी सगळं लिहून घेई. सुरुवातीला एक कागद संपादकांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि म्हणाले, "छापायचंच असेल तर कृषिवार्तेत छापा." त्यानंतर कागद माझ्या खणात साठत गेले. अण्णांनी ते छापले का नाहीत, असं कधी विचारलं नाही. लिहून झालं की त्यांचं समाधान होई.

खेळाडूंना हे सगळं माहीत होतं. नरसय्या पूर्व भागातला, विणकरांच्या घरचा. घरात हातमाग. आई तेलुगूशिवाय काही बोलत नसे. तो गिरणीच्या घडी खात्यात कापडाच्या घड्या घाली. वरच्या फळीवरचे तागे काढायला सगळे त्यालाच बोलवत. सरावाच्या वेळी कुंपणाशी अण्णा दिसले की तो लांबूनच विचारी, "काय अण्णा, ह्या आठवड्यात कुठं पाठवलं मला?"

"अकलूजलाच. तुझं दुसरीकडं जमत न्हाय."

"मागच्या आठवड्यात बी अकलूजलाच होतो की."

"गेला न्हाईस म्हनून परत लिवलं."

सगळे हसत. इस्माईल म्हणून एक ठेंगणा खेळाडू होता. चेंडू मैदानभर आपटत नेऊन योग्य माणसाच्या हातात देणं हे त्याचं काम. त्याचं नाव अण्णांच्या एकाही कागदात आलं नाही. "गाडी तोच वडतोय. त्याला कुनाला द्यायचा न्हाय," असं ते त्याच्यासमोरच सांगत. त्यावर इस्माईल म्हणे, "अण्णा, पगारवाढ के वास्ते ये साहबकू बोलो ना."

पुढच्या हिवाळ्यातही गिरणी अंतिम सामना हरली. बबननं शेवटच्या मिनिटात कोपऱ्यातून दोनदा चेंडू टाकला. गिरणीत नुकतेच पुण्याहून साने नावाचे लेबर ऑफिसर आले होते. संघ त्यांच्या अखत्यारीत होता. सामना संपल्यावर ते तंबूत चहा घेत होते. मी त्यांच्याकडून दोन वाक्यं घ्यायला गेलो होतो. तेवढ्यात अण्णा आत आले. साने साहेबांचे पाय पाहून ते समोर उभे राहिले.

"साहेब, बबन मिळंल," ते म्हणाले. "पन अकलूजवाले एकाला एक देनार न्हाईत. बबनच्या बदल्यात तुमी किती मानसं द्याल?"

खेळाडूंनी साने साहेबांना आधीच सांगून ठेवलं होतं की अण्णा येतील, अदलाबदल सांगतील, ऐकून घ्या, मोठ्या मनाचा माणूस आहे. साहेब हसून म्हणाले, "तुम्हीच सांगा अण्णा, किती देऊ?"

"तोंडानं न्हाय," असं म्हणून अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, साहेबांच्या उजव्या हातावर टाकला आणि खाली आपला हात दिला. साने साहेबांना ही इकडची काहीतरी मानाची रीत वाटली असावी. त्यांनी टॉवेलाखाली हाताला लागली ती अण्णांची बोटं धरली, दाबली आणि जोरात हलवली. अण्णांनी क्षणभर डोळे मिटले. टॉवेल खांद्यावर घेतला, नमस्कार केला आणि निघून गेले.

मला ती रीत माहीत होती. साहेबांना ती माहीत नाही, हेही दिसत होतं. दोघांपैकी एकाला तरी मी सांगायला हवं होतं. मला गंमत वाटली आणि मी काही बोललो नाही. बाहेर आल्यावर अण्णांना विचारलं, "किती ठरले?"

"ते टॉवेलाखालचं हाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं अण्णा अकलूजला गेले. कारखान्याचा संघ तिथले शेतकी अधिकारी आबासाहेब बघत. ते स्वतः बागायतदार होते आणि गेली कित्येक वर्षं अण्णांच्या हातून बैल घेत होते. त्यांच्याशी पुन्हा टॉवेलाखाली बोलणं झालं. बबन सोलापूरला, त्याच्या बदल्यात सोलापूरची दोन माणसं. आबासाहेबांनी कोण दोन, हेही विचारलं नाही. अण्णा देतील ती चांगलीच असतील, असं ते म्हणाल्याचं नंतर कळलं. बबनला बोलावून विचारलं. तो एका पायावर तयार झाला. मळीच्या वासानं त्याच्या बायकोचं डोकं दुखे आणि ती लग्नापासून शहरात चला म्हणून मागे लागली होती. त्यानं त्याच दिवशी राजीनामा दिला.

आठवड्याच्या आत बबन सोलापुरात आला. गिरणीच्या फाटकाशी टांगा थांबला. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी, तुपाचा डबा आणि बायको. पहारेकऱ्यानं कुठं जायचं विचारलं.

"आत," बबन म्हणाला. "मला घेतलंय."

"कोणत्या खात्यात?"

"ते ठाव न्हाय. मल्लप्पाअण्णांनी घेतलंय."

पहारेकरी मल्लप्पाअण्णांना ओळखत होता. त्यामुळं त्यानं बबनला आत सोडलं नाही. बबन ट्रंकेवर बसून राहिला. दुपारची पाळी सुटली तेव्हा सगळ्या गिरणीनं त्याला ओळखलं. गर्दी जमली. आमच्या कचेरीत फोन आला आणि मी सायकल घेऊन निघालो.

मी पोचलो तेव्हा साने साहेबांच्या खोलीत अण्णा उभे होते. साहेबांना घाम आला होता.

"मी कधी कबूल केलं?" ते विचारत होते.

"तुमी दोन बोटं दाबली, साहेब."

"मी हात मिळवला, अण्णा. चेष्टेत. हाताला आली ती बोटं धरली."

अण्णांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले. "तुमी तितं हुता. तुमाला कळलं हुतं का, साहेबांना ठाव न्हाय ते?"

"हो," मी म्हणालो.

त्यावर ते काही बोलले नाहीत. माझ्या नोकरीच्या सबंध काळात मला कुणी एवढं बोललेलं नाही.

साने साहेब मॅनेजरकडे गेले आणि दहा मिनिटांत हसत परत आले. बबन स्वतःहून दारात आला आहे, राजीनामा दिलेला आहे, तेव्हा त्याला घ्यायला गिरणीची हरकत नाही, असं मॅनेजरांनी सांगितलं होतं. सोमवारपासून सायझिंग खातं. उरला प्रश्न दोन माणसांचा. गिरणीनं लेखी काहीच कबूल केलेलं नसल्यामुळं कुणाला पाठवायचा प्रश्नच येत नव्हता.

"सगळं तुमच्या मनासारखं झालं, अण्णा," साने साहेब म्हणाले. "बबन मिळाला आणि आपलं कुणी गेलंही नाही. ह्यापेक्षा चांगला सौदा काय असतो?"

"ह्याला सौदा न्हाय म्हनत, साहेब," अण्णा म्हणाले. "ह्याला दावं कापून बैल नेला म्हनत्यात."

ते खोलीबाहेर पडले तेव्हा त्यांच्यापुढं काय होतं ते मी नंतर समजून घेतलं. आबासाहेबांना दोन माणसं पोचली नाहीत, तर अकलूज, माळशिरस, माढा ह्या भागातला एकही शेतकरी पुन्हा अण्णांच्या टॉवेलाखाली हात घालणार नव्हता. दुष्काळानंतर जो काही बाजार उरला होता तो त्याच भागातला होता. साठीला आलेल्या माणसाला दुसरा धंदा येत नव्हता. पण फाटकाबाहेर आल्यावर ते धंद्याबद्दल बोलले नाहीत. "आबासाहेब वाट बघत असत्याल," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून ते दोन माणसं शोधू लागले. आधी इस्माईलकडे गेले. ज्याला कुणाला द्यायचं नव्हतं, त्यालाच त्यांना विचारावं लागलं. इस्माईलनं चहा पाजला आणि सांगितलं, "अण्णा, तुम जान मांगो देता, मगर अकलूज नको. मेरी सायकल की दुकान कौन चलाएगा?" दोघा राखीव खेळाडूंपैकी एकाचं लग्न ठरलं होतं. दुसरा म्हणाला की त्याला उसाच्या पाचटानं अंगावर पुरळ येतो.

शेवटी ते नरसय्याच्या घरी गेले. मीही बरोबर होतो. मला जाणं भाग होतं. एका खोलीत माग, बाकीच्या जागेत घर. नरसय्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसला होता, तरी त्याचं डोकं उभ्या माणसाच्या छातीशी येत होतं. अण्णांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. साहेबांनी चेष्टेत बोटं दाबली हेही सांगितलं.

नरसय्या हसला नाही. "अण्णा," तो म्हणाला, "दोन वर्षं तुमी मला अकलूजला पाठवताय. मी हसत हुतो. कारण ते कागदावर हुतं. मी बैल हाय का?"

"न्हाय," अण्णा म्हणाले. "म्हनून तर इचारायला आलो. बैलाला इचारलं असतं का?"

आई आतल्या बाजूला नळी भरत होती. तिनं हातातलं चाक थांबवलं आणि तेलुगूत काहीतरी विचारलं. नरसय्या मागावरचं सूत नीट करू लागला. तिनं पुन्हा विचारलं.

"आई काय म्हनती?" अण्णांनी विचारलं.

"म्हणती, तिथं कायम करतील का?"

"कायम म्हंजे?"

"नोकरीत, अण्णा. हितं चार वर्षं झाली. अजून मी बदलीवरच हाय. कोण रजेवर गेलं की काम मिळतं. न्हाय तर सकाळी फाटकावरनं परत. साहेब दर हिवाळ्यात म्हणतात, सामना जिंकला की बघू."

नरसय्याची उंची, घोटे, पावलं, उडी मारताना आधी कोणता पाय उचलतो, गर्दीत मान कशी घालतो, हे सगळं अण्णांना तोंडपाठ होतं. तो सकाळी फाटकावरून घरी परत येतो हे त्यांना माहीत नव्हतं.

"ते इचारायचं ऱ्हायलं," ते म्हणाले. "माझी चूक झाली. मी उद्या जाऊन इचारतो. त्यांनी कायम न्हाय म्हनलं, तर तू जायाचं न्हाईस. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

म्हातारीला नरसय्यानं ते सांगितलं. तिनं अण्णांकडे नीट पाहिलं आणि त्यांच्यापुढं ताकाचा पेला ठेवला.

अण्णा पुन्हा एसटीनं गेले. तिसऱ्या दिवशी परतले ते थेट आमच्या कचेरीत. सोमवार नव्हता. त्यांनी टेबलाखाली पाहिलं नाही. खिशातून कारखान्याचा कागद काढला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सौद्याचा कागद घेतला होता. नरसय्याला पहिल्या दिवसापासून कायम नोकरी, राहायला खोली, आईला बरोबर आणायला हरकत नाही. खाली आबासाहेबांची सही.

"छान झालं," मी म्हणालो. "पण दुसरा माणूस?"

"दुसरा बी मिळाला."

"कोण?"

"मी."

मी लेखणी खाली ठेवली. अण्णा पुढं सांगू लागले. कारखान्याला गळिताच्या हंगामात ऊस वाहायला शेकडो बैलगाड्या लागतात. कोणती जोडी ओझं ओढू शकते, कोणता बैल लंगडतो, कुणाला दोन दिवस विसावा द्यायला हवा, हे बघणारा जाणता माणूस आबासाहेब बरीच वर्षं शोधत होते. अण्णांनी दुसरा माणूस म्हणून स्वतःला देऊ केलं.

"आबासाहेब तयार झाले?"

"आदी हसले. मग म्हनले, अण्णा, जरा तोंड उघडा. दात बघितले. म्हनले, जुळलेला हाय, पन चालंल."

बैलाचे सगळे दात आले म्हणजे तो जुळला असं म्हणतात. त्याच्यापुढं वय सांगत नाहीत.

"आणि घरी वहिनींना काय सांगितलंत?"

"गौरव्वाला इचारलं. ह्या वेळी आदी इचारलं. ती म्हनली, हितं ऱ्हाऊन तरी तुमी कुटं घरात असता? मैदानावर असता. तितनं आलात तर निदान पाव्हन्यासारखं याल, धा मिंटं बसाल."

साने साहेबांना ही बातमी मीच दिली. ते म्हणाले, "पण अण्णांना जायची काय गरज होती? त्यांच्यावर कुणाची सक्ती नव्हती." मी होय म्हणालो. त्यांचं म्हणणं खरं होतं. नरसय्या गेल्यावर महिन्याभरानं गिरणीनं आपल्या दोन खेळाडूंना नोकरीत कायम केलं. असा निर्णय का झाला ते विचारायला मी साहेबांकडे गेलो, तेव्हा ते म्हणाले की विषय बरेच दिवस विचाराधीन होता.

माझ्या खणातले अण्णांचे कागद मी एक दिवस सगळे वाचून काढले. ते छापण्यासारखे होते, असं आता वाटतं. तेव्हाही वाटत असावं.

पुढच्या हिवाळ्यात अंतिम सामना पुन्हा सोलापुरात झाला, गिरणीच्याच मैदानावर. आमच्याकडे बबन, त्यांच्याकडे नरसय्या. कारखान्याच्या ट्रकमधून त्यांचा संघ उतरला आणि त्यांच्या मागून अण्णा उतरले. एका हंगामात त्यांचा रंग उसाच्या फडातल्या माणसासारखा काळवंडला होता. ते सरळ अकलूजच्या बाकाकडे गेले.

इकडून हाका सुरू झाल्या. "अण्णा, बाजू चुकली. हिकडं या."

"न्हाय चुकली," ते तिकडूनच म्हणाले. "बरोबर हाय."

"आवं, शुक्रवार पेठेत ऱ्हाता की."

"ऱ्हात हुतो."

सामना सुरू झाला तसे ते बाकावरून उठले आणि रेषेच्या कडेनं नरसय्याबरोबर चालू लागले. "मान वर. मान वर, नरसय्या." नरसय्याची मान वर होती. उंच सोबती असल्यामुळं गर्दी त्याच्यावर येत नव्हती. जाळीखाली आलेला प्रत्येक चेंडू तो वरच्या फळीवरचा तागा काढावा तसा काढत होता. अण्णांनी दोन वर्षं मला सांगितलेलं सगळं तंतोतंत घडत होतं. मध्यंतराला कारखाना पुढं होता. इस्माईल माझ्याजवळून जाताना म्हणाला, "अण्णा ने डुबाया हमकू."

मग बबन कोपऱ्यात उभा राहू लागला. एक, दोन, तीन. शेवटच्या अर्ध्या मिनिटात गुण बरोबरीत आले. इस्माईलनं चेंडू आणला आणि बबनच्या हातात दिला. चेंडू रिंगला शिवला नाही.

सोलापूर कित्येक वर्षांनी जिंकलं. लोक कुंपण ओलांडून आत आले. बबनला खांद्यावर घेतलं. त्याची बायको खुर्चीवर उभी राहून पाहत होती. साने साहेब टाळ्या वाजवत होते. मी वहीत गुण लिहिले, वेळ लिहिली आणि गर्दीतून वाट काढत पलीकडे गेलो.

अण्णा रेषेवरच उभे होते. हा एक चेंडू सोलापूरसाठी जाळीत पडावा, याकरता त्यांनी शंभरेक कागद लिहवून घेतले होते. त्यांचे दोन्ही हात मागे एकमेकांत अडकवलेले होते.

"अण्णा," मी म्हणालो, "तुम्हीच आणलेला बबन."

"व्हय," ते म्हणाले. "लई भारी टाकला. आमी हरलो."

नरसय्या सिमेंटवर बसला होता. अण्णांनी त्याला हात देऊन उठवलं. ट्रकचा भोंगा वाजला. मी म्हणालो, "घरी तरी जाऊन या. गौरव्वा वाट बघत असतील. उद्या सकाळी एसटी आहे."

"तिला सांगा, पुढल्या आटवड्यात येतो. आज ह्या पोरांबरुबर जायला पायजे. जिंकले असते तर ऱ्हायलो असतो."

शुक्रवार पेठेतलं त्यांचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर होतं. नरसय्यानं वरून हात दिला आणि अण्णा ट्रकमध्ये चढले.